विद्यापीठाची वनस्पती-बाग नक्की कोणाची?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं शक्य तितकं तसंच ठेवलं आहे.)

मागचा भाग बियांवर होता. तो ऐकून एका श्रोत्यांनी कळवलं, "मॅडम, आमच्या कॉलेजातपण बोटॅनिकल गार्डन होतं. पाच वर्षं तिथे शिकलो, पण आत कधी गेलोच नाही. त्या बागेचा उपयोग काय असतो हो?"

प्रश्न साधा आहे. पण मला तो लागला, कारण तसली एक बाग बावीस वर्षं माझ्याकडे होती. एका तालुक्याच्या गावी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि उद्यानप्रमुख म्हणून बागेची जबाबदारी माझ्यावर होती. सव्वा एकर, म्हणजे पन्नास गुंठे. त्यातले चाळीस गुंठे एका उन्हाळ्यात गेले. दुचाकींचं पार्किंग आणि एक सभागृह झालं. मी प्राचार्यांना पत्र दिलं, दोनदा भेटले. उपयोग झाला नाही. जेसीबी आला त्या दिवशी आमचे माळीमामा फाटकाशी उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, ह्या बागेसाठी रडायला गावात कोण आहे का?"

कोणी नव्हतं. आणि त्याचं कारण फाटकावरच लावलेलं होतं. "विनापरवानगी आत प्रवेश नाही." ही पाटी मीच रंगवून घेतली होती. फुलं तोडतात, फांद्या मोडतात, पोरं येऊन बसतात, म्हणून कुलूप. बाग सुरक्षित राहिली खरी, पण ती कोणाला माहीतच झाली नाही. जी गोष्ट कोणाला माहीत नाही, ती गेली तर विचारणार कोण?

म्हणून आजचा विषय हा. विद्यापीठाची किंवा कॉलेजची वनस्पती-बाग चालवणं म्हणजे नक्की काय करणं? ती कोणाची असते? आणि आजूबाजूच्या माणसांना तिच्यात कसं आणायचं? उदाहरण म्हणून मी इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाची बाग घेते आहे. ती श्रीमंत विद्यापीठाची आहे, आपली परिस्थिती वेगळी, हे मान्य. पण तिच्या इतिहासात पैसे नसल्याची, जमीन पडून राहिल्याची आणि गावातल्या लोकांना बरोबर घेण्याची जी गोष्ट आहे, ती आपल्याला ओळखीची वाटेल.

आधी एक फरक समजून घेऊ

सार्वजनिक बाग, म्हणजे नगरपालिकेचं उद्यान, आणि वनस्पती-बाग यांत फरक काय? झाडं दोन्हीकडे असतात, बाकं दोन्हीकडे असतात. फरक आहे तो नोंदवहीत.

वनस्पती-बागेत प्रत्येक झाडाला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकापुढे लिहिलेलं असतं की हे झाड कोणत्या जातीचं, कुठून आणलं, कोणी आणलं, कधी आणलं, बियांपासून वाढवलं की कलमाने. जंगलातून आणलं असेल तर नेमकी जागाही लिहायची. झाड मेलं तर तेही लिहायचं. ही नोंद असेल तर झाड हा पुरावा होतो, त्यावर संशोधन करता येतं. नोंद नसेल तर ते नुसतंच झाड. सावली देईल, दिसायला छान दिसेल, पण विज्ञानाला त्याचा उपयोग फार थोडा.

माझीच चूक सांगते. आमच्या बागेत सेरोपेजियाचे, म्हणजे कंदीलपुष्पाचे काही कंद होते. एका गडाच्या उतारावरून विद्यार्थ्यांबरोबरच्या सहलीत आणलेले. ही वनस्पती सह्याद्रीचं वैभव. तिच्या बऱ्याच जाती फक्त आपल्याच भागात सापडतात, आणि त्यातल्या कित्येक दुर्मीळ आहेत. माझे कंद जगले, फुललेसुद्धा. पण कोणत्या गडावरून, कोणत्या बाजूच्या उतारावरून, कोणत्या वर्षी आणले, हे मी लिहून ठेवलं नव्हतं. "लक्षात राहील" असं वाटलं होतं. पुढे एका संशोधकाने विचारलं तेव्हा मला ठाम सांगता आलं नाही. ते कंद पुन्हा मूळ जागी लावायचे म्हटलं तरी ती जागा कोणती?

हेच काम नीट केलं तर काय होतं, ते पाहायला कोल्हापूरला जावं. शिवाजी विद्यापीठाच्या बागेला लीड बोटॅनिकल गार्डन असा दर्जा आहे. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाने कंदीलपुष्पांवर आणि पश्चिम घाटातल्या इतर प्रदेशनिष्ठ वनस्पतींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. जंगलात विरळ होत चाललेल्या जाती बागेत वाढवायच्या, त्यांची संख्या वाढवायची. विद्यापीठाच्या बागेचं हे पहिलं काम.

पंधरा वर्षं पडून राहिलेली जमीन

आता केंब्रिजकडे वळू. तिथली जुनी बाग १७६२ सालची, शहराच्या मधोमध, जेमतेम पाच एकरांची. ती मुख्यतः औषधी वनस्पतींसाठी. त्या काळी वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी झाडं ओळखता यावीत म्हणून अशा बागा असत. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांच्या बागा अशाच सुरू झाल्या. इटलीत पादुआची १५४५ मध्ये, हॉलंडमध्ये लायडनची १५९० मध्ये, ऑक्सफर्डची १६२१ मध्ये.

१८२५ मध्ये जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो हा तरुण माणूस केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. तिशीही पूर्ण झालेली नव्हती. चार्ल्स डार्विनचा गुरू म्हणून आपण त्याला ओळखतो. आल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही बाग अपुरी आहे. वनस्पतिशास्त्र आता वैद्यकीच्या मदतीपुरतं राहिलेलं नाही, त्याला स्वतःचे प्रश्न आहेत, आणि त्यासाठी झाडं, म्हणजे खरोखरची मोठी झाडं, लावायला जागा पाहिजे. पाच एकरांत ती कुठून मिळणार?

त्याने विद्यापीठाच्या मागे लागून शहराबाहेर ४० एकर जमीन घ्यायला लावली. साल १८३१. योगायोग बघा, त्याच वर्षी त्याने डार्विनला बीगल जहाजावरच्या प्रवासासाठी सुचवलं. पण जमीन मिळाली म्हणून बाग झाली का? नाही. पैसे नव्हते, अडचणी होत्या, आणि जमीन तशीच राहिली. बाग उघडली ती २ नोव्हेंबर १८४६ रोजी. पंधरा वर्षांनी! त्या दिवशी कुलगुरूंनी फाटकाजवळ लाइमचं झाड लावलं. हे लाइम म्हणजे आपलं लिंबू नाही बरं का, तो युरोपातला एक मोठा सावलीचा वृक्ष आहे.

तरीसुद्धा ४० एकरांपैकी फक्त २० एकरांवरच बाग झाली. उरलेली निम्मी जमीन लोकांना भाजीपाल्याच्या वाफ्यांसाठी भाड्याने दिलेली होती. रेजिनाल्ड कोरी नावाच्या एका बागप्रेमी माजी विद्यार्थ्याने मृत्युपत्रात बागेसाठी मोठी रक्कम ठेवली. तो १९३४ मध्ये वारला आणि १९५० च्या दशकात त्या पैशातून पूर्वेकडची बाग उभी राहिली.

यातून मी काय शिकले सांगू? शंभरहून अधिक वर्षं ती २० एकर जमीन बाग नव्हती, पण बागेची होती. ती विकली गेली नाही, तिच्यावर इमारती झाल्या नाहीत. बागेचा प्रमुख जेव्हा म्हणतो "आत्ता पैसे नाहीत, पण जागा सोडू नका", तेव्हा तो आपल्यानंतरच्या तीन-चार पिढ्यांसाठी बोलत असतो. मी मात्र दर वर्षी जूनमध्ये किती रोपं लावली याचाच अहवाल देत राहिले. कोपऱ्यातली मोकळी जागा कशासाठी राखून ठेवली आहे, हे एकदाही कागदावर मांडलं नाही. मग मोजणीला आलेल्या माणसांना ती "पडीक" दिसली, यात नवल ते काय?

झाडांतून शिकवणं

हेन्स्लोची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्याला एक प्रश्न सतावत होता. एकाच जातीची झाडं एकमेकांपासून किती वेगळी असू शकतात? जात कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते? वाळवलेल्या नमुन्यांच्या कागदांवर तो एकाच जातीची वेगवेगळ्या उंचीची, वेगवेगळ्या ठिकाणची रोपं शेजारी शेजारी लावून ठेवायचा. डार्विनने हे सगळं विद्यार्थी असताना पाहिलेलं होतं.

नव्या बागेतही त्याने हाच प्रश्न लावला. अक्षरशः लावला! मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या पाइनची झाडं आहेत. जात एकच, पण वेगवेगळ्या प्रदेशांतून आलेले तिचे प्रकार. एकाच्या फांद्यांची ठेवण एक, दुसऱ्याची वेगळी. तुम्ही नुसते चालत गेलात तरी हा फरक दिसतो. पुस्तक उघडायला नको, व्याख्यान नको. फक्त कोणीतरी सांगायला हवं, "डावीकडे बघा, आता उजवीकडे बघा."

आपल्याकडे हे करता येत नाही का? येतं. दसऱ्याला आपण आपट्याची पानं वाटतो. पण बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात. दोन्ही बौहिनिया या एकाच गटातली, पानं दोन्हींची दुभंगलेली. पण आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. फुलं बारीक, फिकट पिवळसर. कांचनाचं पान मोठं आणि फुलं गुलाबी-जांभळी, लांबून नजरेत भरणारी. बागेत ही दोन झाडं शेजारी लावली आणि दसऱ्याच्या आठवडाभर आधी फाटक उघडलं, तर वनस्पतिशास्त्राचा एक उत्तम तास होतो. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

हिचमच्या शाळेतली पोरं

हेन्स्लो पाद्रीही होता. पुढे सफोक परगण्यातल्या हिचम नावाच्या गावाची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि १८३९ पासून तो तिथेच राहायला गेला. गाव गरीब, शेतमजुरांचं. तिथल्या शाळेत त्याने मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवायला सुरुवात केली. विद्यापीठातला प्राध्यापक आणि शेतमजुरांची मुलं! शिकवायचं कसं, तर मुलांनी रानातून फुलं आणायची, ती उलगडून पाकळ्या, पुंकेसर मोजायचे आणि कुळ ओळखायचं. वर्गात यायला एक अट असायची. काही अवघड शास्त्रीय शब्दांचं स्पेलिंग आधी पाठ करून दाखवायचं. पोरं ते करायची. अवघड आहे म्हणून त्याने त्यांच्यासाठी विषय पातळ केला नाही.

तो गावकऱ्यांच्या सहलीही काढायचा, आणि त्यातली एक केंब्रिजला गेली होती. ज्या माणसांनी कधी विद्यापीठाच्या दारात पाऊल ठेवलं नसतं, ती तिथे गेली. आज आपण "लोकसहभाग" वगैरे मोठे शब्द वापरतो. मला वाटतं त्या शब्दाचा अर्थ या सहलीत आहे. तुम्ही या म्हणून नुसतं बोलावणं पुरत नाही. कोणाला तिकीट परवडत नाही, कोणाला रजा मिळत नाही, कोणाला वाटतं ती जागा आपल्यासारख्यांची नाही. प्रमुखाने या अडचणी एकेक करून सोडवायच्या असतात.

आज बागेचा प्रमुख काय करतो?

आता वर्तमानात येऊ. केंब्रिजच्या बागेत आठ हजारांहून जास्त जातींच्या वनस्पती आहेत. २०१३ मध्ये प्राध्यापक बेव्हर्ली ग्लोव्हर तिथे संचालक झाल्या. त्यांचं स्वतःचं संशोधन फुलांवर आणि मधमाश्यांवर आहे. अनेक फुलांच्या पाकळ्यांवर शंकूच्या आकाराच्या सूक्ष्म पेशी असतात. त्यांच्यामुळे मधमाशीला पाकळीवर पाय रोवायला पकड मिळते, हे त्यांच्या गटाने दाखवलं. गुळगुळीत पाकळीवरून मधमाशी घसरते. ऐकायला किती सोपं, आणि लहान मुलालाही लगेच समजेल असं. बागेचा प्रमुख स्वतः संशोधक असला की असं ताजं ज्ञान थेट वाफ्यापर्यंत येतं.

अशा बागेचे मालक तीन असतात. पहिला, संशोधक. त्याला ठरावीक झाडं, ठरावीक काळ, कोणी हात न लावता हवी असतात. दुसरा, विद्यार्थी. आमच्याकडे प्रॅक्टिकलला "मटेरियल" म्हणून एका वेळी वीस-वीस फुलं लागायची. तिसरा, फिरायला येणारा माणूस. त्याला सावली, बाक, स्वच्छ संडास आणि पोरांना पळायला जागा हवी. तिघांचंही बरोबर आहे आणि तिघांचंही एकमेकांशी पटत नाही. प्रमुखाचं निम्मं आयुष्य यात जातं. एखादा वाफा बंद ठेवायचा असेल तर ठेवावाच, पण "प्रवेश बंद" एवढंच न लिहिता का बंद आहे ते दोन ओळींत लिहावं. "इथे बिया धरल्या आहेत, पावसाळ्यापर्यंत थांबा." एवढं लिहिलं की बहुतेक माणसं ऐकतात. हा माझा अनुभव आहे, फक्त उशिरा आलेला.

आणि चौथी माणसं, ज्यांचा हिशेबच कोणी धरत नाही, ती म्हणजे माळी. कोणत्या झाडाला कधी मोहोर येतो, कुठे वाळवी लागते, कुठलं बी रुजत नाही, हे त्यांना माहीत असतं आणि बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. केंब्रिजला बागकाम शिकणारे प्रशिक्षणार्थी घेतात, म्हणजे हे ज्ञान पुढच्या हातांत जातं. आपल्याकडे माळी निवृत्त झाला की जागा भरत नाहीत, आणि तीस वर्षांचं ज्ञान त्याच्याबरोबर घरी जातं. आमच्या मामांचं बोलणं मी शेवटच्या वर्षी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं. पॉडकास्टची सवय मला तिथूनच लागली.

पडलेलं झाड आणि रात्री फुललेलं फूल

दोन प्रसंग सांगते. दोन्ही केंब्रिजचेच.

पहिला, न्यूटनच्या सफरचंदाचा. वूल्सथॉर्पला न्यूटनच्या घरी जे सफरचंदाचं झाड आहे, त्याच्या वंशाचं एक झाड केंब्रिजच्या बागेत १९५४ मध्ये लावलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये यूनिस नावाच्या वादळात ते कोसळलं. बुरशीने ते आतून आधीच पोखरलेलं होतं. बागेने हे लपवलं नाही. झाड पडलं, का पडलं, पुढे काय, सगळं लोकांना सांगितलं. आणि पुढचं उत्तर तयार होतं, कारण झाड आजारी आहे हे ओळखून त्यांनी आधीच त्याची कलमं करून ठेवली होती.

कलम म्हणजे काय हे आंबेवाल्या मराठी माणसाला सांगायला नको. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून आपण कलम लावतो. कलमाचं झाड मूळ झाडाची हुबेहूब आवृत्ती असते. म्हणून न्यूटनचं झाड पडूनही ते गेलं नाही. पुण्यातही या झाडाचा एक धागा आहे. केंब्रिजला शिकलेल्या डॉ. जयंत नारळीकरांच्या आयुका या संस्थेच्या आवारात याच वंशाचं झाड लावलं होतं.

इथे प्रमुखासाठी धडा असा की प्रसिद्ध झाडाचं कलम ते धडधाकट असतानाच करून ठेवायचं. आणि वाईट बातमी दुसऱ्याकडून कळायच्या आत आपण सांगायची.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी २०२१ चा. कोरोनाचा काळ, फाटकावर गर्दी करता येत नाही. बागेतल्या काचघरात अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं एक निवडुंग, त्याला तिकडे मूनफ्लॉवर म्हणतात, कळ्यावर आलं. त्याचं फूल एकाच रात्रीपुरतं उमलतं. त्यांनी कॅमेरा लावला आणि थेट प्रक्षेपण केलं. जगभरातून लाखो लोकांनी ते पाहिलं. घरात अडकलेली माणसं एका फुलाची वाट बघत बसली.

मला हे वाचून आपल्या वाड्यांतल्या, सोसायट्यांतल्या रात्री आठवल्या. आपण ज्याला घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो ना, तेही निवडुंगाच्याच कुळातलं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. पण हे फुलायला लागलं की आपण शेजाऱ्यांना हाका मारतो, रात्री अकराला चहा होतो, आरतीसुद्धा होते. म्हणजे फुलासाठी जमायची सवय आपल्यात आहेच. बागेने फक्त वेळेवर निरोप द्यायचा.

पाण्याचा धडा

केंब्रिज हा इंग्लंडच्या मानाने कोरडा भाग. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्यात पडतो तेवढाच. फरक एवढाच की त्यांचा वर्षभर झिरपत पडतो, आपला चार महिन्यांत संपतो. या बागेत हवामानाच्या नोंदीही दीर्घकाळ ठेवल्या जातात. २५ जुलै २०१९ रोजी तिथल्या केंद्रावर ३८.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. तो त्या वेळचा ब्रिटनमधला उच्चांक होता. पुढे जुलै २०२२ मध्ये तो मोडला. आपल्याला ३८ अंश म्हणजे मार्चमधली दुपार, पण तिकडच्या झाडांना ते झेपत नाही.

त्या बागेत एक ड्राय गार्डन आहे, नळाचं पाणी न घालता फुलणारी बाग. घरामागच्या छोट्या जागेत लोकांनी असं करावं, म्हणून ती नमुन्यादाखल केली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाणी वाचवा असं सांगणाऱ्या पाट्या आपण खूप लावतो. पण कमी पाण्यात काय जगतं, ते दाखवणारे चार गुंठे कुठे आहेत? तालुक्याच्या कॉलेजची बाग हे दाखवू शकते. घाणेरी, करवंद, हिवर, बोर... थांबा, घाणेरी नको, ती बाहेरून आलेली आणि पसरणारी. बघा, हेसुद्धा सांगायलाच हवं. कमी पाण्यात जगतं म्हणून लावावंच असं नाही.

दहा गुंठ्यांत काय केलं

आता शेवटचं. माझ्याकडे दहा गुंठे उरले होते आणि निवृत्तीला तीन वर्षं. ती पाटी काढली. त्या तीन वर्षांत जे केलं ते सांगते, कोणाला उपयोगी पडेल म्हणून.

एक, नोंदवही नव्याने सुरू केली. साधी दोनशे पानी वही. माहीत नाही तिथे "माहीत नाही" असं लिहिलं.

दोन, पाट्या बदलल्या. शास्त्रीय नाव, त्याखाली ठळक मराठी नाव आणि गावात जे म्हणतात तेही नाव. गावातली नावं सांगायला म्हाताऱ्या बायका आल्या. त्यांनी माझी तीन नावं चुकीची काढली.

तीन, रोज सकाळी सहा ते साडेआठ फाटक उघडं. वेळ पाळली. मॉर्निंग वॉकवाले यायला लागले. काही जण गुळवेल तोडायचे. त्यांना रागावले नाही, गुळवेलीची कांडी लावायला दिली. घरच्या घरी वेल असला की कोण कशाला तोडेल?

चार, वटपौर्णिमेला आत यायला दिलं. पूर्वी बाहेरून वडाच्या फांद्या ओरबाडून नेत. आता बायका झाडापाशी येऊन पूजा करून गेल्या. फांद्या कमी तुटल्या.

पाच, शेजारच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांना प्रत्येकी एक झाड दिलं. दर शनिवारी बघायचं आणि लिहायचं. पानगळ कधी, पालवी कधी, फूल कधी, पक्षी कोणते आले. वर्षभराने त्या वहीत जे होतं, ते माझ्या बावीस वर्षांच्या अहवालांत नव्हतं.

सहा, दसऱ्याआधी आपटा-कांचन ओळख.

फुलं तोडली गेली का? गेली. एक बाक मोडला, दोन पाट्या चोरीला गेल्या. ते धरूनच चालायचं.

निवृत्तीच्या वर्षी उरलेल्या दहा गुंठ्यांवर कँटीनची शेड करायचं ठरत होतं. मी पत्र लिहायला बसले होते. त्याआधीच सकाळी फिरायला येणारी मंडळी आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापिका प्राचार्यांना भेटून आल्या. सह्यांचा कागद होता. मुलांच्या वह्याही त्यांनी नेल्या होत्या. शेड दुसरीकडे झाली.

चाळीस गुंठे परत आले नाहीत, येणारही नाहीत. तिथला शिवण, तिथला कुंभा, ते कंदीलपुष्पांचे कंद, सगळं सिमेंटखाली आहे. ही माझी चूक होती असं मी म्हणते तेव्हा घरचे म्हणतात, निर्णय तुझा नव्हता. तो नव्हता, बरोबर. पण कुलूप माझं होतं.

तर त्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर. बागेचा उपयोग काय, हे बागेनेच लोकांना दाखवायचं असतं, आणि त्यासाठी आधी फाटक उघडायचं असतं. तुमच्या गावात कॉलेज असेल तर या आठवड्यात जाऊन एवढंच विचारा, "तुमच्याकडे वनस्पती-बाग आहे का? आम्ही बघायला येऊ शकतो का?" आणि आत गेलात तर नोंदवही मागा. कदाचित ती नसेल. मग मदतीला बसा, दोनशे पानी वही फार महाग नसते.

काय दिसलं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात आपण वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाबद्दल, म्हणजे हर्बेरियमबद्दल बोलू. तोवर, नमस्कार.